भैरूला पडलेलं मत

"उचल की बयाबाई, भंडाराच हाय, इंगळ न्हाई," जनार्दनशेठ हसत म्हणाला.

बिरोबाच्या देवळात बयाबाईनं हळदीची पिवळी चिमूट उचलली आणि मत शेठलाच देईन म्हणून शपथ घेतली. भंडारा उचलून शब्द मोडणारा धनगर भरे गावाच्या आसपास अजून जन्मला नव्हता, हे शेठला पक्कं ठाऊक होतं. पिरंगुटच्या कंपन्यांना माणसं पुरवायचा ठेका त्याचा, आणि बयाबाईचा पोरगा हृतिक त्याच ठेक्यावर कामाला. ग्रामपंचायतीला शेठ उभा होता आणि त्याच्यासमोर बयाबाईचा पाठचा भाऊ भैरू. मग शपथ कशाला लागते, हे शहाण्याला सांगायला नको.

भैरू उभा राहिला तो गायरानासाठी. तिथं शेठच्या गोदामाचं तारेचं कुंपण पडत होतं. चाऱ्यावाचून भैरूनं मेंढरं विकली होती. बयाबाईच्या चार शेळ्या तेवढ्या उरल्या होत्या.

मतदानाच्या दिवशी ती यंत्रापुढं उभी राहिली. नवरा, धुळाजी, गेला त्या वर्षी ह्याच भैरूनं आपल्या घरातला तांदूळ तिच्या चुलीपर्यंत पोचवला होता. एकीकडं पोराची भाकरी, दुसरीकडं भाऊ. "देवा, पोराला हात लावू नगंस," असं पुटपुटत तिनं भावाचं बटण दाबलं. बाहेर आली तेव्हा मनातून बाई खूश होती.

खुळी! भैरूनं आदल्या दिवशीच हाय खाल्ली होती. अर्ज मागं घ्यायची तारीख टळली होती, म्हणून नाव यंत्रावर राहिलं एवढंच. त्याच कुंपणावर राखणदाराची नोकरी शेठनं त्याला देऊ केली. घरात बायको आजारी, हाताला काम नाही. भैरूनं मान डोलावली आणि घरोघर निरोप धाडला, मतं शेठलाच द्या. बहिणीकडं मात्र कुणी गेलं नाही. जिनं भंडारा उचललाय तिला आणखी काय सांगायचं? आणि भैरूला तिच्या दारात उभं राहायची लाज वाटली.

पौडला मोजणी झाली. भैरूला एकच मत पडलं.

गुलालानं माखलेला शेठ देवळापुढं आला तो ह्या एका मताचा जाब विचारत. अख्खा वॉर्ड मुठीत आला तरी बोटाच्या फटीतून निसटलेलं त्याला सोसवत नव्हतं.

"भैरू, तुझंच व्हय रं त्ये?"

"न्हाई शेठ, म्या तुमालाच..." बोलता बोलता भैरू थांबला. बायांच्या घोळक्यात बयाबाई पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. दोघांची नजरानजर झाली.

"व्हय," तो म्हणाला. "माझंच हाय. ऐन वक्ताला ऱ्हावलं न्हाई."

शेठ चिडला नाही. "मंग नोकरीचं इसर आता," म्हणाला आणि हलगीवाल्यांना त्यानं पुढं काढलं.

बयाबाईनं भावाला विहिरीपाशी गाठलं. "का रं आसं क्येलंस? मी जाऊन सांगते शेठला."

"गप ऱ्हा, आक्का. एका घरात तरी चूल पेटू दे." मग त्याचा आवाज फुटला. "कुणी सांगितलं व्हतं तुला मत द्यायला? माझं मत मीबी मला दिलं न्हाई गं!"

शपथ मोडली आपण आणि भोगलं भावानं, ह्या विचारानं तिला रडू आवरेना. भैरू तिच्याकडं न बघता निघून गेला.

कुंपण पुरं झालं. परराज्यातला एक राखणदार आला. शेळ्या जवळ गेल्या की तो बयाबाईवर ओरडायचा, "अम्मा, बकरी हटाओ!" आता त्या शेळ्या भैरूच वळतो, हिंजवडीच्या गाड्या चुकवत, रस्त्याच्या कडेनं. दुपारी बयाबाई भाकरी घेऊन जाते. बहीणभाऊ तारेकडं पाठ करून जेवतात.