एकोणिसाव्या दिवशीच्या काड्या

वकीलसाहेबांना जगातले झाडून सगळे कायदे पाठ होते. ते आपल्यालाही लागू होतात, एवढं मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बिळवालीने हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि ओळखूनही ती फसली. दुखणं होतं ते हेच.

बिळवाली हे तिचं टोपणनाव. अठरा वर्षं ती लोकांच्या परसातली बिळं तपासत होती. गळ्यात परवाना, पिशवीत मोजपट्टी आणि काड्यांची जुडी. संरक्षित जनावराचं बीळ आवारात निघालं, की तिच्या सहीशिवाय मालकाला तिथलं ढेकूळही हलवता येत नसे. मालक तिचा मनापासून राग करत, आणि तिलाही मालकांबद्दल फारसं प्रेम नव्हतं. कुणी बिळात पाणी ओतायचं, कुणी धूर करायचं, आणि वर तिलाच विचारायचं की बाई, जनावर मोठं की माणूस? ती म्हणायची, जनावर निदान खोटं बोलत नाही.

वकीलसाहेबांच्या परसात साळिंदराचं बीळ होतं, त्यांच्या आईच्या खोलीच्या अगदी भिंतीला लागून. भिंतीला तडा गेला होता. आईची काळजी वाटते म्हणून बीळ बुजवायचंय, असं साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खरी काळजी होती त्या जागेवर येणाऱ्या नव्या ऑफिसची. काँक्रीटवाला ठरवूनसुद्धा झाला होता.

नियम सोपा होता. बिळाच्या तोंडाशी काड्या रोवायच्या, पुढची माती सारखी करायची आणि रोज सकाळी वाकून बघायचं. एकवीस दिवस काड्या उभ्या आणि माती कोरी राहिली, तर बीळ रिकामं; बुजवा खुशाल. काड्या पडल्या तर आत कुणीतरी राहतंय. मग परवानगी काढून तोंडावर एकतर्फी झडप बसवायची, म्हणजे जनावर बाहेर पडतं पण परत आत शिरत नाही. झडपेला या महिनाअखेरपर्यंतच मुभा होती. त्यानंतर माद्या बिळात विणार, आणि पुढचे पाच महिने कुणी बोटही लावायचं नाही.

पहिले तीन दिवस ती वाकली. गुडघ्यातून कळ येत होती. चौथ्या दिवशी साहेबांनी पायरीवर खुर्ची मांडली, चहा ठेवला. "तुम्ही कशाला वाकताय बाई? इथून दिसतायत की काड्या. उभ्याच्या उभ्या." आयुष्यात तिला कुठल्या मालकाने पाणी विचारलं नव्हतं. तिने पायरीवरून पाहिलं. काड्या उभ्या होत्या. तिने वहीत लिहिलं, 'उभ्या'. पाचव्या दिवशीही तेच, दहाव्या दिवशीही तेच. चहात साखर जास्त असायची, पण तिने तीही चालवून घेतली.

एकोणिसाव्या दिवशी साहेब आदल्या रात्रीच परगावी गेले होते. खुर्ची नव्हती, चहा नव्हता. काड्या मात्र साऱ्या आडव्या झाल्या होत्या. ती बिळापाशी गेली. ताज्या मातीचा ढीग, त्यात पंजांचे ठसे आणि काळापांढरा एक काटा. हे बीळ कसलं रिकामं. आत नांदतं घर होतं.

खिडकीत साहेबांची आई उभी होती. ऐंशीची बाई, काठीवर रेललेली.

"आज पोरगा नाही ना," ती म्हणाली. "त्यामुळे काड्या कुणी लावल्या नाहीत. रोज पहाटे तोच लावतो. माती झाडूने सारखी करतो. मला वाटलं, तूच सांगितलंयस."

बिळवालीच्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. या माणसाला पाच महिने वाचवायची एक सरळ वाट होती: पहिल्याच दिवशी काड्या पडू द्यायच्या. एव्हाना झडप बसून, बीळ बुजून काम सुरूसुद्धा झालं असतं. पण अतिशहाण्याला सरळ वाट दिसते कुठे! आज सव्वीस तारीख. परवानगीला आठ दिवस लागत. म्हणजे झडप गेली, ऑफिसही पाच महिने लांबलं. आणि ही लबाडी उघड करायची, तर चौथ्या दिवसापासून आपण बिळापाशी गेलोच नाही, हेही लिहावं लागणार होतं. परवाना गेल्यातच जमा. हे काम सोडून तिला दुसरं काही येत नव्हतं.

साहेब दुपारी परतले. तिच्या पुढ्यातल्या आडव्या काड्या पाहून त्यांचा चेहरा जरासाही हलला नाही.

"मांजराने पाडल्या असतील. अजून दोनच दिवस राहिलेत. लिहून टाका."

"आत साळिंदर आहे. काँक्रीट ओतलंत तर मरेल, मादी असली तर पोटातल्या पिलांसकट."

"पुरावा काय? पंधरा दिवस 'उभ्या' असं कुणी लिहिलंय? मी?" ते हसले. "माझं काय जातंय बाई, परवाना तुमचा आहे."

इतका नीच माणूस इतक्या इस्त्रीच्या शर्टात कसा मावतो, याचंच तिला नवल वाटलं. मग तिला आठवलं की याच माणसाने दिलेला चहा आपण पंधरा दिवस पीत होतो, आणि तिला स्वतःचीही तितकीच किळस आली. ती पायरीवरच बसली आणि अहवाल लिहून काढला. आधी स्वतःचं: दिवस चार ते अठरा, मी बिळाजवळ गेले नाही. मग त्यांचं. बीळ वापरात, बुजवण्यास मनाई. खाली घरमालकाची सही लागायची.

साहेबांनी कागद वाचला आणि बाजूला सारला. "मी सही करणार नाही."

"घर तुझ्या नावावर कधी झालं रे?" आई आतून बाहेर येत म्हणाली. तिने कागद मागून घेतला आणि चष्मा लावून सगळा वाचला.

"आई, हिचा स्वतःचा परवाना जाणार आहे. वेडी झालीय ही. तू सही करू नकोस."

"जाऊ दे की. जायलाच हवा." म्हातारी बिळवालीकडे वळली. "मी खिडकीतून रोज बघत होते. जिने वाकायचं ती खुर्चीत बसलेली."

बिळवालीने मान खाली घातली.

म्हातारीने पेन मागितलं. साहेबांनी दिलं नाही, तेव्हा बिळवालीने आपलं दिलं. सही करता करता म्हातारीची काठी निसटून साहेबांच्या पायाशी पडली. ते काठीकडे बघत तसेच उभे राहिले.

"बघ," म्हातारी म्हणाली, "काड्या उचलायला रोज पहाटे वाकत होता."

काठी बिळवालीने उचलून दिली. मग गळ्यातला परवाना काढून कागदालाच टाचणीने लावला, कागद पिशवीत घातला, आणि वनखात्याचं ऑफिस बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून भरभर चालू लागली.