वेनबरीची कचेरी

शनिवारी दुपारी उल्का मिल्टन कीन्सला परत निघाली, तेव्हा बाबा नेहमीप्रमाणे तिला बसपर्यंत सोडायला आले. एकोणनव्वद सालचा मार्च होता. आईबाबांच्या गावाची, वेनबरीची, रेल्वे केव्हाच बंद पडली होती. त्यामुळे थांब्यापर्यंत उतारावरून चालत जायचं आणि चालता चालता बाबांनी गावाची गोष्ट सांगायची, हा दोघांचा शिरस्ता.

डॉक्टर शशिधर रांगणेकर मूळचे कोरेगावचे. पुण्याला शिकून इंग्लंडात आले, चार हॉस्पिटलं फिरले आणि या आडबाजूच्या गावात त्यांनी सर्जरी, म्हणजे दवाखाना, उघडली. गाव जेमतेम चार रस्त्यांचं, पण एके काळी जिल्ह्याचं ठिकाण. बाबांना त्याचं भारी अप्रूप. नदीने तीन बाजूंनी वळसा घातला म्हणून इथे गढी, गढी म्हणून बाजार, बाजार म्हणून कचेरी. सगळं ते कोरेगावच्या भाषेत सांगत. टेकाडावरचा पडका किल्ला ही गढी, शेरिफ म्हणजे मामलेदार, खांबांचं जुनं कोर्ट ही कचेरी. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्टही थांबे.

उल्का हुंकार देई. पण नऊ वर्षांची असल्यापासून तिने कधी काही विचारलं नव्हतं. तेव्हा शाळेत गावावर निबंध लिहायचा होता. तिने लिहिलं, की मामलेदार गढीवर राहत असे आणि चावडीवर बसून शेतसारा गोळा करत असे. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि हा मामलेदार कोण, असं विचारलं. वर्ग हसला. बाई काही वाईट नव्हत्या, पण त्याही हसल्या. घरी ती काही बोलली नाही. पुढे वाचन वाढलं, तसं बाबांचं कुठे काय चुकतं ते तिला कळू लागलं. गोष्ट मात्र आवडतच राहिली. तेही सांगायचं राहिलं.

त्या शनिवारी गोष्ट चौऱ्याहत्तर सालापर्यंत आली होती. जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, वेनबरीचा जिल्हा शेजारच्या मोठ्या जिल्ह्याला जोडला गेला, दप्तरं लॉरीत भरून नेली.

"कचेरी रिकामी," बाबा म्हणाले. "पण पहारेकरी रोज सकाळी येऊन दार उघडायचा. दिवसभर बसायचा. मी त्याला विचारलं, बाबा रे, आता कशाला? तर तो म्हणाला..."

तेवढ्यात बस आली.

"जा, जा. लोक खोळंबलेत."

तिने खिडकीतून हात केला. मंगळवारी सर्जरीत पेशंट तपासता तपासता बाबा गेले.

दिवस झाले. ब्रिस्टलहून आलेले नातेवाईक परतले. लायब्ररीत वेनबरीचा इतिहास होता, तो उल्काने पानन् पान वाचला. त्यात सनावळी होती, नकाशे होते, पहारेकरी नव्हता. पहारेकरी काय म्हणाला, ते तिने आईला विचारलं. आईलाही ठाऊक नव्हतं.

"मला कुठे सांगायचे ते," आई म्हणाली. "म्हणायचे, तू हुंकारही देत नाहीस, सरळ झोपतेस." ती जराशी हसली आणि हातातल्या टॉवेलची उगाच पुन्हा घडी करत बसली. "तुझ्याबद्दल म्हणायचे, पोरगी भली आहे. बापाचं मन राखायला ऐकते. विचारत मात्र काही नाही."

उल्काने कोट घातला आणि ती उतरणीला लागली.

गुरुवार होता, बाजार भरला होता. कचेरीत आता गालिच्यांचं दुकान होतं आणि जोत्यावर गुंडाळ्या रचून ठेवल्या होत्या. ती खांबांसमोर उभी राहिली. मनातल्या मनात विचारून पाहिलं, पण ते पुरेना. शेजारचा बटाटेवाला गिऱ्हाईक सोडून तिच्याकडे बघू लागला, इतक्या मोठ्याने ती मराठीत म्हणाली,

"बाबा, मग पुढे काय झालं? सांगा ना."