वॉर्डातलं च्युइंगम

क्षिप्रा नेरुळच्या एका इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. एमएस्सी करताना तिनं सिझेरियननंतर च्युइंगम चघळण्यावर प्रबंध लिहिला होता. चघळलं की आतड्यांना वाटतं जेवण येतंय, आणि ती लवकर हलायला लागतात. प्रबंध कॉलेजच्या कपाटात गेला. वॉर्डात मात्र जुनीच रीत चालू होती: वारा सरेपर्यंत बाईला खायला काही द्यायचं नाही.

च्युइंगम देऊन बघू का, असं तिनं इन्चार्ज अरुणा सिस्टरांना पूर्वी विचारलं होतं. "वॉर्डाचा कॉलेज कट्टा करायचाय का?" म्हणत त्यांनी विषय मिटवला होता. या वेळी ती डॉक्टर अभिराम यांच्याकडे गेली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "पूर्ण शुद्धीवर असेल, मळमळ नसेल, तर द्या," ते म्हणाले.

"बरं," डॉक्टरांचा होकार कळल्यावर अरुणा सिस्टर म्हणाल्या, "पण तू समोर बसायचं."

पहिली बाई करावे गावची जाई. सकाळीच तिला मुलगी झाली होती. क्षिप्रानं च्युइंगम पुढे केलं, तसा उशाशी बसलेल्या सासूनं, गोजरानं, हात आडवा घातला.

"सिस्टर, पोट कापलेलं हाय तिचं. नि तुमी तिला चघलाला देता?"

"गिळायचं नाही मावशी, नुसतं चघळायचं. जेवण येतंय असं वाटून पोट कामाला लागतं."

"म्हनजे पोटाला फसवायचं." गोजराला हसू आलं. तिनं हात काढला.

जाई लाजत लाजत चघळत राहिली. संध्याकाळी तिनं सासूच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि गोजरानं ते अख्ख्या वॉर्डाला ऐकवलं, "सिस्टर, वारा सरला हिचा."

सगळ्या खाटांवर हशा पिकला. जाईनं तोंडावर चादर ओढली. "हसवू नका गो, टाके दुखतान."

गलबला ऐकून अरुणा सिस्टर आल्या. "लवकर सरला की."

"एकीवरून काही ठरत नाही, सिस्टर," क्षिप्रा म्हणाली. "आपसूकही सरला असेल."

"मग पुढच्यांनाही देऊन बघू." त्यांनी स्टूल ओढलं. "आता मला सांग, ते आतडं फसतं कसं?"

हा प्रश्न वॉर्डात कुणीतरी विचारावा, याची क्षिप्रा किती दिवस वाट पाहत होती. ती भराभर सांगत सुटली, आणि अरुणा सिस्टर शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

डॉक्टरांनी जाईचं पोट तपासून खायला द्यायला होकार दिला. गोजरा सुनेला चमच्यानं पेज भरवू लागली, आणि मधूनच शेजारच्या खाटेवरच्या नव्या बाळंतिणीला समजावत होती, "चघल गो, पन गिलू नको."