दोन थेंब दर्शक

रात्रपाळी संपवून नर्स तशीच परीक्षेला आली होती. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची ही तिसरी खेप. आज नापास झाली तर बढती कायमची हुकणार होती. ब्युरेटच्या उभ्या काचनळीतली आम्लारी थेंबथेंब सोडून हात भरून आले, ब्युरेट रिकामी झाली, तरी खालच्या फ्लास्कमधलं आम्ल काही गुलाबी होईना.

"बाई, हे द्रावणच बिघडलंय."

परीक्षक बाईंचे पाय सकाळपासून उभं राहून सुजले होते. चूक त्यांना लगेच कळली, पण सांगायची मुभा नव्हती. "पेशंटला औषध देताना मोठ्यानं वाचतेस ना? तसं काय काय घातलंस ते म्हण बघू."

"दहा मिली आम्ल. थोडं पाणी. मग..." तिची नजर रंग दाखवणाऱ्या दर्शकाच्या बाटलीवर गेली. बूच उघडलंच नव्हतं. "अरे देवा, रंग येणार कुठून?"

"मी काही ऐकलं नाही. वेळ आहे, पुन्हा कर."

तिने नव्याने आम्ल मोजलं, दोन थेंब दर्शक टाकला, ब्युरेट भरली. या खेपेला एका थेंबासरशी फिकट गुलाबी रंग आला आणि हलवूनही गेला नाही.

बाईंनी ब्युरेटवरचा आकडा बरोबर असल्याचं पाहून पास म्हणून सही केली आणि दोन स्टुलं ओढली. "बस जरा. मीही टेकते."