चिपच्या कपाळावरचं कुंकू

"सर, ये चलता भी है, या सिर्फ टीका लगाने के लिए रखा है?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हता. गुंजनने लावलेली पैज होती. मागच्या बाकावरून ती कधीची टोचत होती, "पूछ ना, पूछ! नहीं पूछा तो फट्टू." आता अकरावीत गेल्यापासून मला कोणी फट्टू म्हटलेलं चालत नाही. दहावीपर्यंत चालायचं. तेव्हा मी हजेरीलासुद्धा हळू आवाजात "प्रेझेंट" म्हणायची. म्हणून उभी राहिले आणि विचारून टाकलं, तेही भर वर्गात.

"ये" म्हणजे आमच्या कंप्युटर लॅबमधल्या काचेच्या कपाटातलं ट्रेनर किट. ब्रीफकेससारख्या पेटीत बसवलेला एक हिरवा बोर्ड. अख्खा कंप्युटर त्या एका बोर्डावर. स्क्रीन नाही, माउस नाही. सहा लाल आकड्यांची पट्टी, कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि काळ्या चिपा. आमच्या आईबाबांच्या काळात कॉलेजची मुलं यावर शिकायची. आमच्या शाळेत ते फक्त विश्वकर्मा पूजेला, म्हणजे यंत्रांच्या पूजेच्या दिवशी, बाहेर निघतं, टीका लावून घेतं आणि परत कपाटात जातं.

वर्ग खदखदून हसला. सुशील सर हसले नाहीत. कंप्युटर तेच शिकवतात. ते आमच्यासारखेच मराठी, पण शाळेत हिंदीच बोलतात. फार चिडले की मात्र मराठीवर येतात आणि आवाज खाली आणतात, म्हणजे ज्याला लागायचं त्यालाच लागतं, बाकीच्यांना कळतही नाही.

ते माझ्या बाकापाशी आले. "लई शहानी झाली काय तू? बापानं बोलाले शिकवलं, कोनाशी कसं बोलावं ते नाही शिकवलं."

मग वर्गाकडे वळून मोठ्याने, "ठीक है! उत्कर्षा मॅडम इसको घर ले जाएँगी. विश्वकर्मा पूजा तक चालू करके लाएँगी. नहीं हुआ, तो कंप्युटर छोड़के फिजिकल एज्युकेशन लेंगी. मैदान में दौड़ेंगी!"

आता सगळे माझ्यावर हसले. गुंजनही.

मला मैदानाचं वावडं नाही. पण कंप्युटर हा एकच विषय असा आहे, की त्याचा तास संपला तर मला वाईट वाटतं. तो माझ्याकडून जाणार होता, आणि तोसुद्धा हसत हसत.

*

पेटी घेऊन रुआबांध्याला, भिलाईतल्या आमच्या घरी आले तर बाबा दारातच.

"हे काय उचलून आनलं?"

मी सांगितलं. बाबांचा चेहरा पार उतरला. ते स्टील प्लांटमध्ये ऑफिसात आहेत. ऑफिसात कोणाशी वाकडं घेऊ नये हे त्यांचं शास्त्र, आणि तेच ते घरीही लावतात.

"सुशील सर मंडळात माह्या बाजूले बसतात, बाई! गणपतीची वर्गणी आमी दोघं मिळून जमवतो. आता कोन्त्या तोंडानं जाऊ? उद्याच जाऊन माफी माग."

"कावून? प्रश्नच तर विचारला."

"प्रश्न नोहे तो, तोंड चालवनं होय!"

आईने भाजी चिरता चिरता मान वर केली. "आनलंच आहे तर बाल्कनीत ठेवा. आन् वायरगियर टोचून घरातले फ्यूज उडवू नको, मले कुकर लावाचा आहे."

ही आमच्याकडची परवानगी.

किटची अवस्था वाईट होती. वीज देणाऱ्या भागातले दोन कपॅसिटर फुगून फुटले होते, त्यांचा चिकट रस बोर्डावर पसरलेला. चिपांचे पाय काळे पडलेले. बटणं दाबली की आत जायची आणि आतच राहायची. ऐश्वर्या ताई, म्हणजे माझी मावसबहीण, दुर्गला इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग करते. ती फोनवर सांगायची आणि मी करायची. पाय घासायला पेन्सिलचं खोडरबर. बटणांना स्पिरिट. कपॅसिटर कॅम्प-1 वस्तीतल्या रेडिओवाल्याकडून आणले, सोल्डरिंग गन पण त्याच्याकडून. पहिल्या दिवशी माझं बोट भाजलं, दुसऱ्या दिवशी आईची चादर. दोन्हीवर बोलणी सारखीच बसली.

एका चिपवर मधोमध बारीकशी गोल काचेची खिडकी होती आणि तिच्यावर वाळलेलं कुंकू, तेला-तुपासकट घट्ट बसलेलं. एका बाजूचं गळून गेलं होतं, दुसऱ्या बाजूला थर जाड. मी स्पिरिटचा बोळा घेतला तर आई म्हणाली, "पूजेचं आहे ते. राहू दे." मी राहू दिलं. आईचं ऐकण्याचा माझा तेवढा एकच प्रसंग, आणि बघा पुढे काय झालं.

वीज जोडली. लाल आकडे पेटले! मी ओरडलेच. पण पेटले ते सगळेच्या सगळे, आठ आठ आठ, आणि तसेच थिजले. कुठलंही बटण दाबा, ढिम्म.

*

"क्या हुआ, मॅडम? चला आपका खिलौना?" सरांनी तासाला विचारलं.

"लाइट आती है सर, आगे नहीं जाता."

"जला दिया ना?" सर जणू याचीच वाट बघत होते. त्यांनी वर्गाला साक्षीला घेतलं. "मेरे पास बराबर चलता था. इसने घर ले जाके फूँक दिया. स्कूल की चीज!"

"सर, मी नाही... मैंने नहीं जलाया."

"तो किसने? भूत ने?"

मी गुंजनकडे पाहिलं. तिने निदान एवढं तरी म्हणावं, की हे सगळं तिच्या पैजेतून झालं. ती वहीत मोर काढत होती. मधल्या सुट्टीत मी धरलं तर म्हणते, "मैंने कब बोला था? तेरी ही जुबान चलती है."

त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर एकटी बसायला लागले. बरं झालं, तिथून फळा नीट दिसतो.

*

रविवारी ऐश्वर्या ताई कॉलेजमधून चिप वाचायचं आणि लिहायचं यंत्र घेऊन आली. तळहाताएवढं, लॅपटॉपला लागणारं. खिडकीवाली चिप तिने उपसून त्यात बसवली. या चिपमध्ये किटचा मूळ प्रोग्राम असतो: चालू झाल्यावर काय करायचं, कोणतं बटण दाबलं तर काय दाखवायचं, सगळं. तो गेला तर किट म्हणजे नुसता पाट.

स्क्रीनवर आकडे आले. ताईने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"हे पाहा," ती म्हणाली. "प्रत्येक आकडा दोन खुणांचा असतो. कोरी चिप सगळीकडे एफ-एफ दाखवते. जळलेली चिप तर काहीच्या काही दाखवते. आन् हे?"

मी पाहिलं. F3. FE. FD. F1. ओळीमागून ओळी, प्रत्येक आकड्याची पहिली खूण एफ. दुसरी मात्र वेगवेगळी.

"अर्धी कोरी?"

"अर्धी पुसली गेली. या चिपवर ऊन पडत राहिलं ना, तर लिहिलेलं मिटते. म्हणूनच खिडकीवर कागदाची पट्टी डकवून ठेवतात. इथली पट्टी कोनी काढली?"

चिपच्या आत प्रत्येक आकड्याची पहिली खूण एका बाजूला राहते आणि दुसरी दुसऱ्या बाजूला. मी चिप उजेडात धरली. ज्या बाजूचं कुंकू गळलं होतं, ती बाजू पुसली गेली होती. जिथे थर जाड होता, तिथलं सगळं शाबूत.

मग मला लॅबमधलं ते काचेचं कपाट आठवलं. पश्चिमेच्या खिडकीला लागून. दुपारभर त्याच्यावर ऊन असतं, भिलाईचं ऊन! आणि पट्टी का निघाली हेही कळलं. बाकी चिपा नुसत्या काळ्या. ही एकच अशी, की मधोमध गोल, चमकणारी. कोणीही टीका लावायला बोट पुढे केलं तर तिथेच जाणार. ते तर तिचं कपाळच. आणि कपाळावर कागद चिकटलेला असेल तर माणूस आधी तो काढणार!

म्हणजे मी जाळलं नव्हतं. मी घरात गरागरा फिरले. आई म्हणाली, "पडशील."

सोमवारी मी सरांना स्टाफ रूमबाहेर गाठून फोनवर फोटो दाखवला, सगळं समजावलं. त्यांनी फोनकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"फोनमध्ये काहीही दाखवता येते." आवाज खाली, मराठी. "सोताचं पाप कुंकवावर ढकलतं? हेच संस्कार हायेत तुमच्या घरचे? थांब, तुह्या बापाले मंडळात सगळ्यायसमोर विचारतो."

आणि त्यांनी विचारलंही. बाबा त्या दिवशी आरतीवरून लवकर घरी आले आणि जेवले नाहीत.

*

किटच्या पेटीत त्याचं मॅन्युअल होतं, कसरीने खाल्लेलं, आणि शेवटच्या पानांवर मूळ प्रोग्रामचे सगळे आकडे छापलेले. ते नव्याने टाइप करायचे आणि चिपवर चढवायचे. ताई म्हणाली, "एक आकडा चुकला तरी चालनार नाही. आन् एकदा चढवलं का ती अर्धी चिप राहनार नाही. तुह्याजवळचा पुरावा गेला."

मी विचार केला. अर्ध्या चिपवर सर तसेही विश्वास ठेवणार नव्हते. पूर्ण चिप निदान चालली तरी असती.

आकडे वाचायला आई बसली. बटाटेवडे तळून झाल्यावर, चष्मा लावून, किराण्याची यादी वाचावी तशी.

"थ्री ई. डी थ्री. शून्य... हे आठ हाये का बी?"

"बी असन."

"असन नको सांगू, पाहून सांग."

पाहायला तेच कुंकवाखालचे आकडे कामी आले. प्रत्येक आकड्याची दुसरी खूण आमच्याकडे होतीच. मी आठ टाइप केलं आणि वाचलेल्या चिपमध्ये बी असला, तर कळायचं की चुकले. कसरीने खाल्लेल्या जागी तर अर्धं उत्तर तिथूनच मिळालं. उरलेलं ताईने फोनवर डोकं खाजवून काढलं. आई म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, पुसू नको?" आणि हे ती आता आयुष्यभर म्हणणार आहे.

यंत्र ताई माझ्याकडेच ठेवून गेली होती. आकडे चिपवर चढवले. चिप बोर्डात बसवली. बटण दाबलं.

आठ आठ आठ गेले. एक बारीकशी आडवी रेघ आली आणि तिच्या मागून 85, किट तयार असल्याची खूण, मॅन्युअलमध्ये लिहिली होती तशीच. मी दोन आकडे दिले, बेरीज आली. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली झाला, परत वर गेला.

खिडकीवर मी काळी टेप लावली. घट्ट, दोन पदरी.

*

विश्वकर्मा पूजेला शाळेच्या अंगणात पांढरी चादर अंथरलेली होती. तिच्यावर प्रिंटर, पाण्याची मोटर, बसच्या चाव्या, शिवणाचं मशीन आणि शेवटी आमचं किट, लाल 85 दाखवत. प्रिन्सिपल मॅडम थांबल्या. मी त्यांच्याकडूनच दोन आकडे दाबून घेतले. उत्तर आलं तशा त्या हसल्या. "अरे वा! सुशील जी, आपने तो कहा था कि जल गया."

सरांचे कान लाल झाले. ते थाळी घेऊन टीका लावत पुढे येत होते. प्रिंटरला लावला. मोटरला लावला. किटपाशी वाकले, अंगठ्याच्या नखाने टेपचं टोक उचललं आणि सर्रकन ओढून काढली. इतक्या सवयीने, की त्यांचं त्यांना कळलंही नसेल.

मी हात घातला. चिपवर पालथा पंजा ठेवला. सरांचं कुंकवाचं बोट माझ्या हातावर टेकलं.

सगळं अंगण बघत होतं.

"हाथ हटा."

"सर, टेप क्यों निकाला?"

"टीका कागज पे लगता है क्या? हर साल मैं यहीं लगाता हूँ!"

"हर साल?" मी विचारलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मतलब पहले वाला कागज भी आपने ही निकाला था?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, ऊन, खिडकी, कपाट, थोडक्यात. मॅडमनी एकदा लॅबच्या पश्चिमेच्या खिडकीकडे पाहिलं, मग थाळीकडे. "टीका डिब्बे पर लगा दीजिए," एवढंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

सरांनी पेटीच्या झाकणाला टीका लावला. उठताना माझ्या कानाशी आले.

"जिंकली समजू नको. प्रॅक्टिकलचे मार्क माह्या हातात हायेत. पाहतो कोन वाचवते तुले."

मागून गुंजन धावत आली, "यार, क्या बोली तू! मैंने ही तो कहा था पूछने को!" मी टेप उचलली, परत खिडकीवर लावली आणि तिच्याकडे पाठ केली.

*

संध्याकाळी बाबांना सगळी हकीकत मंडळातून माझ्या आधीच कळली होती. ते सोफ्यावर बसून होते, बूट न काढता.

"मी मॅडमले फोन केला," ते म्हणाले. "विषय बदलता येते म्हने अजून. फिजिकल एज्युकेशन घेऊन टाक. तू खरी होतीस, मान्य. पन तो मानूस दोन वर्षं तुह्या उरावर बसन. मार्क कापन. कावून जीव धोक्यात घालतं?"

"चालवून दाखवलं ना तिनं," आई म्हणाली. "पन तुहे बाबा म्हनतात तेबी खोटं नाही, उत्कर्षा. तो कापनारच."

माझ्या हातावरचं कुंकू मी अजून धुतलं नव्हतं. बेसिनपाशी जाऊन धुतलं, हात पुसले आणि दोघांच्या समोर येऊन उभी राहिले.

"मी कंप्युटर काही सोडत नाही," मी म्हटलं. "मार्क कापाचे असन तर कापू द्या. पहिल्या बाकावर बसतो मी, समोरूनच कापा लागन त्याईले. आन् बाबा, उद्या मंडळात मी येतो तुमच्या संग. तुमच्या आन् सरच्या मधात बसतो."