शिंगाचा पिकगार्ड

माझा नवरा गुरुदास गोव्यात गिटार करायला शिकला आणि जंगलातल्या आमच्या अणशीला परतून घराच्या पडवीतच स्वतःच्या गिटारी करू लागला. हात सोन्यासारखा, पण हे डोकं अधूनमधून गहाण टाकतात. धारवाडच्या एका गिऱ्हाइकानं फोनवर गिटार सांगितली, म्हणाला पिकगार्ड काळा, चकचकीत हवा. पिकगार्ड म्हणजे गिटारीच्या भोकाशेजारी चिकटवायची पातळ पट्टी, वाजवताना नखांनी लाकूड खरवडू नये म्हणून. सगळे प्लास्टिकचा लावतात. आमच्याकडेही प्लास्टिकचे पत्रे पडून आहेत, पण ह्यांच्या डोळ्यांत ते खुपतात.

ह्यांनी माळ्यावरून सासऱ्यांच्या वेळचं गव्याचं शिंग काढलं. मेलेल्या गव्याचं असं काही उचलून आणलेलं पूर्वी इथं घरोघरी असायचं; आता घरात ठेवणंही गुन्हा. शिंग उकळून मऊ केलं, फळ्यांमध्ये दाबून सपाट केलं, घासून आरशासारखं केलं आणि चिकटवून टाकलं.

"आवो, ह्ये बरं न्हाई," मी म्हटलं.

"धारवाडच्या माणसाला काय कळतंय?"

काल दुपारी त्या माणसाचा फोन आला. आपण जंगल खात्यात आहोत, हे तो आजवर बोललाच नव्हता. आता आमच्या भागाचा रेंजर म्हणून बदलून आला होता आणि जाता जाता तासाभरातच गिटार बघायला येत होता.

शेजारच्या वासूच्या घरात सांबराचं शिंग सापडलं, तो तुरुंगात राहून आला आणि अजून कोर्टाच्या खेपा घालतोय. ह्यांना नेलं तर मी काय करणार होते?

पट्टी सोडवायला मी इस्त्री तापवली. फडक्यावरून ऊब देत ह्यांनी डिंकात पातळ सुरी सरकवली. सुरी घसरू नये म्हणून मी मनगट धरलं. पट्टी सुटली, पण खालच्या लाकडाचा पापुद्राही उचकटून आला. रडायला सवड नव्हती. जरा मोठा प्लास्टिकचा तुकडा कापून त्या जखमेवर बसवला.

मी गिटारीवरचे बोटांचे डाग पुसत होते, तेवढ्यात ह्यांनी शिंगाची पट्टी मला न विचारता चुलीत घातली. शेणाच्या खड्ड्यात पुरता आली असती, ओढ्यात टाकता आली असती. पण आमच्याकडे घाबरलेल्या माणसाला आधी चूल आठवते. घरभर वास सुटला. जंगलात नोकरी केलेल्या माणसाला तो वास कशाचा हे सांगावं लागत नाही. आणि खालच्या वळणावर जीप घुरघुरली.

चिमट्यानं पट्टी ओढायला गेले तर ती फसफसून तुटली. मला दुसरं काही सुचेना. वेणी पुढं घेतली आणि शेंडा जाळात धरला. केस जळाले की अगदी तसाच वास येतो. आग मानेपर्यंत चढली तेव्हा कुठं ह्यांना भान आलं आणि त्यांनी कळशी ओतली.

रेंजर दारात येऊन थबकले. "कसला वास हा?"

"चुलीत वेणी सापडली, साहेब," मी म्हटलं आणि रडू लागले. ते रडणं खोटं नव्हतं.

त्यांनी माझी मान पाहिली आणि टोपी काढली. "अक्कांना आधी डॉक्टरकडं न्या. गिटारीची काय घाई? रविवारी येतो, निवांत बसून वाजवून बघतो."

जीप गेली. हे माझ्या मानेला खोबरेल लावू लागले. "लय भाजलं व्हय?"

"न्हाई." सुटलो, असं पहिल्यांदाच वाटलं.

ह्यांचा हात मध्येच थांबला.

"सुनयना," हे हळूच म्हणाले, "गव्याला शिंगं दोन असत्यात. दुसरं अजून माळ्यावर हाय."

मी मानेवरून हात फिरवला. जाळायला आता वेणीही उरली नव्हती.