ग्वांतोला पाणी

ओढ्याकाठची ग्वांतोची सतरा झाडं मी एका सकाळीत तोडली. कुणाचं ऐकलं नाही. ऐकून घ्यायची मला सवयच नाही, सासर-माहेर दोन्हीकडचे सांगतील.

ग्वांतो विषारी, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी कुंपणाला सगळे तोच लावतात, आणि गुडघा धरला की त्याचाच पाला उकळून शेक घेतात. मीही उकळला होता. पातेलं चुलीशेजारी ठेवून मेंढ्या बघायला गेले. तेवढ्यात नार्सिसा, माझी एकुलती एक लेक, शेतातून तहानलेली आली आणि कसला तरी काढा समजून वाटीभर प्यायली. तीन दिवस ती भिंतीशी बोलत होती. मला ओळखत नव्हती. वाचली, पण अजून चालता चालता मध्येच थांबते आणि विचारते, "आई, मी कुठं निघाले होते?"

म्हणून मी कुऱ्हाड घेतली.

शेजारचा सेगुंदो म्हातारा बांधावर बसून बघत होता. "सोइला, रोग रेड्याला आणि औषध पखालीला," तो म्हणाला. "आता तो सुईचोच्या काय खाईल, तुझं डोकं?"

"माझं डोकं खायला तुम्ही आहात की, तायता," मी म्हणाले. वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडं तायताच म्हणतात.

सुईचोच्या म्हणजे अंगापेक्षा चोच लांब असलेला हमिंगबर्ड. ग्वांतोचे लाल भोंगे आणि आमच्या ताक्सोच्या वेलीची गुलाबी फुलं, दोन्हींच्या लांब नळ्यांच्या तळाशी पोचणारी चोच त्याची एकट्याचीच. ताक्सोला वर्षभर सारखा बहर नसतो. मधले महिने तो ग्वांतोवर काढायचा, म्हणून इथंच राहायचा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या सकाळी मी त्याचा विचारच केला नाही.

या वर्षी ताक्सोचा मांडव फुलांनी गच्च भरला आणि पक्षी आलाच नाही. फुलं नुसती गळून पडली. ताक्सोच्या फळांवर आमचं घर चालतं, बटाटे आपले पोटापुरते. फळ नाही म्हणजे नार्सिसाला कीतोला कुणाच्या तरी घरी कामाला जावं लागणार. जी मुलगी ओढ्यापासून घरापर्यंतची वाट विसरते, ती त्या शहरात काय करणार?

दुसऱ्या बहराला आम्ही दोघी कोंबडीचं पीस घेऊन फुलाफुलाला पराग लावत बसलो. खांदे भरून आले. एकही फळ धरलं नाही.

"कसं धरेल?" सेगुंदो म्हणाला. "तुझ्या सगळ्या वेली एकाच वेलीच्या फांद्या. आपलंच आपल्याशी लग्न लावतेस होय? परका पराग डोंगरापलीकडच्या रानवेलीवरून तो पक्षीच आणायचा."

मग मी डोंगरही चढले. रानवेल उंच झाडावर, फुलं हाताला येईनात. काठीनं कशीबशी तीन पाडली. त्या तीन फुलांच्या परागावर आमच्या मांडवात तीन फळं धरली. तीन. मी मांडवाखाली बसून मोठ्यानं रडले.

नार्सिसा कुठून तरी ग्वांतोची हातभर फांदी घेऊन आली. "लाव," म्हणाली.

"आधी ती बाहेर टाक."

"आई, पातेलं तू ठेवलंस, उचललं मी. झाडानं काय केलं?"

वर्षभर हेच वाक्य मी टाळत होते. सगळं विसरणाऱ्या पोरीला नेमकं तेवढंच आठवत होतं. मी खड्डा खणला.

फांदी पटकन रुजते, पण फुलायला दोन वर्षं घेते. नार्सिसा सोमवारच्या बसनं गेली. तिच्या शालीच्या आतल्या बाजूला मी गावाचं नाव आणि बसचा थांबा शिवून दिला. बस हलताना तिनं खिडकीतून विचारलं, "आई, मी कुठं निघाले?"

"कामाला," मी म्हणाले. "आणि मग परत घरी."

आता ओढ्याकाठी सतराच्या सतरा फांद्या लावल्यात. ज्यानं माझी पोर अर्धी नेली, त्याला मी रोज सकाळी बादलीनं पाणी घालते, आणि एखादं पान पिवळं पडलेलं दिसलं की माझा जीव घाबरा होतो.